मेव्हण्याची पावती

नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर, हायवेच्या वळणावर गाडी उभी करायला मनाई होती. तशी पाटीही होती. तरी २००३ च्या उन्हाळ्यात भागूची प्रवासी जीप रोज सकाळी त्या पाटीखालीच भरायची. कारण वळणावर ड्युटीला असायचे हवालदार चिमाजी, भागूचे दाजी. बाकीच्यांना ते शिट्टी मारून हाकलत, भागूला मात्र नुसतं "चल, आटप" म्हणत. घरचाच माणूस, त्याला काय कायदा दाखवायचा!

एका सकाळी कापडवाल्या सुभाषचंद शेठच्या आई रुक्मिणीबाई जैनांच्या स्थानकात प्रवचनाला निघाल्या होत्या. जीप आडवी असल्यामुळे त्यांना कडेनं जाता येईना. वळसा घालायला त्या रस्त्यात उतरल्या आणि टोमॅटोच्या भरधाव पिकअपचा त्यांना धक्का लागला. मांडीचं हाड मोडलं.

चिमाजी दवाखान्यात गेले, मान खाली घालून उभे राहिले. म्हातारीनं बोल लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "तिथं पाटी आहे ना चिमाजी, म्हणून मी बिनघोर त्या बाजूनं जायचे."

ते शब्द त्यांच्या जिव्हारी लागले. घरी येऊन त्यांनी बायकोला, सरूबाईला, सगळं सांगितलं. आता भागूलाही सोडायचं नाही असं मनात आहे, पण तुझ्या माहेरी तोंड कसं दाखवू, असंही म्हणाले. भाकरी थापता थापता सरूबाई थांबली.

"त्यो माझा पाठचा भाऊ हाय," ती म्हणाली, "पण तुमी डोळंझाक केली म्हणून त्यो तिथं उभा राह्यला. आज रुक्मिणीबाई पडल्या, उद्या त्याचीच पोरगी पडंल. पयली पावती त्याचीच फाडा."

दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा तिथंच लागली. चिमाजींनी पावतीपुस्तक काढलं. सगळे ड्रायव्हर बघत होते.

"दाजी, मला?" भागूचा चेहरा उतरला.

"तुला आधी."

त्यानंतर दोन महिने भागू बहिणीच्या दारात आला नाही. सरूबाईनं ते मुकाट्यानं सोसलं. हवालदार मेव्हण्यालाही सोडत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी काय ते ओळखलं आणि आठवड्याभरात वळण मोकळं झालं.

मग एका दुपारी भागू आपणहून रुक्मिणीबाईंना भेटायला गेला. काठीच्या आधारानं त्या पुन्हा चालायला शिकत होत्या. चार पावलांतच त्यांना घाम फुटलेला पाहून त्याला रडू आवरेना. तिथून तो थेट बहिणीकडे आला.

"ताई, दाजींनी ती पावती आदीच फाडायला पायजे व्हती."

चिमाजींनी त्याला जवळ बसवून घेतलं. निम्मी चूक आपली, हे त्यांना ठाऊक होतं.

वाचकहो, आपल्या माणसाला दिलेली सूट कुणातरी दुसऱ्याच्या जिवावर बेतते. नियम घरच्यांपासून सुरू झाला, तरच रस्ता सगळ्यांचा होतो!