काकांची सही

अगं ऐक तर! परवा वकीलबाईच्या ऑफिसात जो तमाशा झाला ना, मला वाटलं आता पोलीसच येतात.

माझी आत्या माहितेय ना? कपडे लहान-मोठे करून द्यायचं दुकान आहे तिचं. खाली दुकान, वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत आत्या, मागच्या खोलीत मोठे काका, म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. दोघं एका छपराखाली राहतात आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. कारण काय, तर काकांनी आपल्याकडच्या एका गिऱ्हाईकाला सांगितलं, "मालक मी, ही आमची शिंपीण." झालं! तेव्हापासून सगळं माझ्यामार्फत. "सांग तुझ्या काकाला, गिझर बंद कर म्हणावं." "सांग तुझ्या आत्याला, मी बहिरा नाहीये." अरे, दोघं समोरासमोर बसलेत, भाषा एकच, आणि मधे मी दुभाषी!

तर आत्याला मृत्युपत्र करायचं होतं. तिकडे मायदेशी असताना एक केलं होतं तिनं, पण त्यात सगळं नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा जाऊन जमाना झाला. वकीलबाई म्हणाली, तुम्ही आता इकडच्या, दुकानही इकडचं, तर इकडच्या कायद्यानं नवीन करा. नाही केलंत तर सगळं मुलाला. आता मुलगा म्हणजे आमचा 'साहेब'. आईला वाढदिवसालासुद्धा फोन करत नाही. आणि काकांवर तर त्याचा असला दात आहे, की आज आत्या गेली तर उद्या काका बॅगेसकट फुटपाथवर.

म्हणून आत्यानं काय लिहून घेतलं? दुकान साहेबाला, पण मागची खोली काका जिवंत असेपर्यंत काकांची. कुणी हलवायचं नाही त्यांना. भाषांतर मीच केलं ना, म्हणून मला ठाऊक. आणि बाहेर पडल्या पडल्या मला दम, "त्याला कळलं तर जीभ कात्रीनं कापीन तुझी. त्याच्या तोंडावर उपकार नकोत मला."

काकांच्या डोक्यात नेमकं उलटं! "ही मला हाकलायचे कागद करतेय." सहीच्या दिवशी आमच्या मागोमाग आले आणि न विचारता खुर्ची ओढून बसले.

सहीसाठी दोन साक्षीदार लागतात, दोघांच्या देखत आत्यानं सही करायची. एक वकीलबाईचा कारकून, आणि दुसरी शेजारच्या दाताच्या दवाखान्यातली मदतनीस. बिचारी हातमोजे घालूनच आली होती. काका ताडकन उठले.

"ही कोण? आमच्या घरात बहिणीच्या कागदावर भावाची सही असते! लग्नाच्या कागदावर मी केली, जमिनीच्या कागदावर मी केली, आणि आज ही दात उपटणारी?"

आणि बोट थेट तिच्या नाकासमोर. शब्द तिला काय कळणार, पण बोट कळलं. तिनं वकीलबाईकडे बघितलं, "मला काम आहे" म्हणाली, आणि चालती झाली.

वकीलबाई मला म्हणते, सांग यांना, यांची सही चालणार नाही. मी सांगितलं. "का चालत नाही? मी काय अंगठेबहाद्दर आहे?" आता कारण कसं सांगू? वकीलबाईनं आधीच बजावलं होतं, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं बाद. पण ते सांगायचं म्हणजे मिळतंय हेही सांगायचं! मी आत्याकडे बघितलं. आत्या खिडकीबाहेर बघतेय.

"बघितलंस? बोलतच नाही! पाप आहे मनात!" काकांनी टेबलावरचं पेन उचललं आणि साक्षीदाराच्या रेघेवर टेकवलंसुद्धा.

मी म्हटलं, "आत्या, बोल ना!"

आत्या म्हणते, "करू दे त्याला. हौस आहे ना, फेडू दे."

मग मला राहवेना. ओरडलेच मी. "काका, थांबा! मागची खोली देतेय ती तुम्हाला! सही केलीत तर गेली खोली!"

कारकूनसुद्धा टंकायचा थांबला. आत्यानं माझ्याकडे जे बघितलं ना, जीभ तोंडात आहे का ते मी चाचपून बघितलं.

काका हळूच म्हणाले, "विचार तिला. खरं का हे?"

"सांग त्याला, रस्त्यावर मेला तर उचलावं माझ्याच पोराला लागेल. म्हणून."

"सांग तिला, मला भीक नको."

"मग सांग त्याला, कर सही! पेन हातातच आहे."

काकांनी पेन तसंच रेघेवर धरलेलं. वर मान नाही, खाली सही नाही. शेवटी पेन आदळलं आणि म्हणाले, "बोलव त्या पोरीला."

मी गेले पळत. मदतनीस म्हणाली, त्या वेड्यांच्या खोलीत मी पाय ठेवणार नाही. परत येऊन सांगितलं, तर वकीलबाई घड्याळ बघत म्हणते, मग पुढच्या महिन्यात या. आणि आत्या खुशाल पर्स उचलून उभी! "चला. पुढच्या महिन्यापर्यंत मी जगले तर जगले."

काकांचा चेहरा बघायला हवा होता. गेले स्वतः. मी मागे. दवाखान्याच्या काउंटरसमोर उभे राहिले, मान खाली. त्यांना इकडच्या भाषेतलं येतं किती? दुकानाच्या दारात पार्सलवाला रोज जे म्हणतो तेवढंच. तेच म्हणाले, "प्लीज. इथे. सही."

ती मला म्हणाली, हा माणूस माफी मागतोय की पार्सल देतोय? मी म्हटलं, माफीच. हातमोजे काढून आली.

आत्यानं सही केली, मग कारकुनानं, मग त्या पोरीनं. काका काचेच्या दाराबाहेर उभे, प्रत्येक पान उलटताना बघत होते.

बाहेर आलो तशी आत्या त्यांच्यासमोर जाऊन थांबली. मी तोंड उघडलं दुभाषीपणासाठी, तर तिनं मला हातानं बाजूला केलं.

"खोली मी मेल्यावर तुझी. अजून माझी आहे. गिझर बंद करत जा."

"आधी मर तर," काका म्हणाले.

"वाट बघ."