रूपाच्या लेखाचा आकडा

सुगंधाबाई दर दोन महिन्यांनी सावद्याहून एस.टी.नं जळगावला यायच्या आणि कॉलेजच्या ग्रंथालयात हितेंद्रच्या टेबलासमोर बसून एकच प्रश्न विचारायच्या.

"भाऊ, आमच्या रूपाचा आकडा वाढला का?"

रूपा त्यांची एकुलती मुलगी. याच कॉलेजात ती वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती. केळीवरच्या करपा रोगावर तिचा एक लेख छापून आला आणि चार महिन्यांत डेंग्यूनं ती गेली. सव्वीस वर्षांची होती. तिची पुस्तकं परत करायला सुगंधाबाई आल्या, तेव्हा काय बोलावं ते हितेंद्रला सुचेना. म्हणून त्यानं सांगितलं, की रूपाच्या लेखाचा आधार कुणी आपल्या लेखात घेतला तर त्याची नोंद होते. किती जणांनी घेतला, तो आकडा संगणकावर दिसतो. बाईंनी ते मनात धरलं.

सहा वर्षं आकडा शून्यच होता.

हितेंद्रचं कामच ते. कोणत्या प्राध्यापकाच्या लेखांना किती संदर्भ, कोणत्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे वजन, किती, याचे तक्ते तो कॉलेजच्या मूल्यांकनासाठी करायचा. रूपाचा लेख आला ते नियतकालिक अगदी लहान. त्याला तक्त्यात जागाच नव्हती. हे त्यानं बाईंना कधी सांगितलं नाही. "अजून नाही, अक्का," एवढंच म्हणायचा.

गेल्या जानेवारीत त्या आल्या तेव्हा पाय सुजले होते. "आता येनं जमायचं नाही, भाऊ. यंत्रानं नको, एकदा तुम्ही सोता पाहा."

हितेंद्रला लाज वाटली. करप्यावरचे लेख काढून तो प्रत्येकाच्या शेवटची संदर्भयादी ओळ न् ओळ वाचू लागला. चौथ्या दिवशी धुळ्याच्या कामिनी देवरे नावाच्या प्राध्यापिकेच्या लेखात त्याला 'कौतिक आर.' दिसलं. कौतिक म्हणजे रूपाचे वडील. बापाचं नाव आडनाव म्हणून पडलं होतं, आणि यंत्रानं ती दुसरीच कुणी समजून सोडून दिली होती.

त्यानं धुळ्याला फोन लावला. कामिनी म्हणाली, "फार नेटकं काम आहे हो. पण दोनच हंगामांच्या नोंदी. पुढच्या नोंदी हव्या होत्या, असं मी लिहिलंयसुद्धा. या लेखिका कुठे असतात आता?"

हितेंद्रनं सांगितलं. 

मग त्यानं सावद्याला फोन केला. "अक्का, एक झाला." आणि कामिनी काय म्हणाली तेही सांगितलं.

"पुढचं माह्यापाशी आहे," सुगंधाबाई म्हणाल्या.

"काय आहे?"

"वह्या. दवाखान्यात रूपा म्हने, आई, दर सोमवारी वावरातल्या साठ झाडांची करपेल पानं मोजत जा, मी घरी आली का पाहीन. मी मोजत गेली. आता थांब, असं सांगाले ती आलीच नाही."

पुढच्या आठवड्यात कामिनी सावद्याला आली. वह्यांची पानं उलटताना तिनं दोनदा चष्मा पुसला. म्हणाली, "नव्या लेखावर लेखक म्हणून तुमचंही नाव घालते."

"माह्यं कायले? रूपाचा वाढंल का?"

"वाढेल. तिच्या लेखावरच तर सगळं उभं आहे."

हितेंद्रनं पत्रं लिहून नावाची चूक दुरुस्त करून घेतली. दिवाळीनंतर नवा लेख आला आणि आकडा दोन झाला. सुजल्या पायांनी सुगंधाबाई एकदा आल्याच.

संगणकाकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, या मोजनाऱ्याले ठाऊक आहे का, रूपा नाही म्हनून?"

"नाही, अक्का. त्याला फक्त नाव कळतं."

"मंग सांगू नका."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. रूपाचं नाव कुठे आहे ते विचारून त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. हितेंद्रनं नाव वाचून दाखवलं.

"आनखी एकदा," त्या म्हणाल्या.