पुढची थांबेल तेव्हा

सावित्राबाईने भिंतीला हात टेकला आणि कोणी पाहायच्या आत काढून घेतला. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू हात त्यासाठीच वर गेला होता.

वर लेहचा जुना राजवाडा होता. डोंगरालाच खिडक्या पाडाव्यात तसा, नऊ मजल्यांचा. खाली गल्ल्या, घरांच्या सपाट धाब्यांवर वाळत घातलेले जर्दाळू, आणि पलीकडे नुसते उघडेबोडके डोंगर.

"अगं बया, सरपणाला काडी तरी हाय का हितं?" सावित्राबाई म्हणाली. "राणी काय जाळत असंल चुलीत? राजाचे जोडे?"

मागून रंजना हसली. तिच्याही मागे असलेली विठाबाई हसली नाही, खोकली.

सावित्राबाईचा मुलगा उमेश लोणावळ्यात गाड्या भाड्याने लावतो. त्यानेच आईला आणि तिच्या या दोघी मैत्रिणींना विमानाने इथे आणलं होतं. इथली हवा विरळ, दोन दिवस नुसतं पडून राहायचं, चढ चढायचा नाही, असं त्याने बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच डोकं धरून खोलीत पडला.

"ह्या पोरांना गाडीनं नासवलंय," सावित्राबाई सकाळी म्हणाली होती. "आपण तीस वर्सं मोळ्या वाहिल्या. आपल्याला कसली हवा बाधती?"

विठाबाई रात्रभर खोकत होती. तरी चपला घालून तीच आधी दारात उभी राहिली.

लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या मागल्या डोंगरात त्यांची वाडी. तिथून बंगल्यांवर मोळ्या विकायला जायचं. मोळी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, दुसरीने हात द्यावा लागतो. म्हणून वाटेत एकटीने बसायचं नाही. पुढची थांबेल तेव्हाच साऱ्यांनी थांबायचं. आणि मागून कोणी थांब म्हणायचं नाही. म्हटलं तर वाडी वर्षभर हसायची. पुढे कायम सावित्राबाई असे.

आज डोक्यावर काही नव्हतं. चाल मात्र तीच होती.

"लय उंच हाय वं," रंजना मागून म्हणाली.

"मग राजा काय खड्ड्यात ऱ्हाईल?"

सावित्राबाईच्या कानात गिरणीसारखी घरघर चालू होती. पायऱ्या मधेच अंधुक होत. मागून एकीने एक शब्द टाकला असता, तर दोघींना चार शिव्या घालून ती तिथेच बसली असती. ती त्या शब्दाची वाट पाहत चढत राहिली. मागून फक्त चपला घासत आल्या.

राजवाड्याच्या दारात पोचल्यावर ती वळली. विठाबाई शेवटची पायरी चढून उंबऱ्यावर टेकली. जांभळं खाल्ल्यासारखे तिचे ओठ झाले होते.

"पोचलो की गं," विठाबाई म्हणाली.

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. दवाखान्यात नाकाला नळी लावली, पण तिच्या छातीत पाणी भरलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, इतका दम लागला तेव्हा या थांबल्या का नाहीत? उमेशने आईकडे पाहिलं. सावित्राबाई विठाबाईच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"तिनं सांगितलंच न्हाई," ती म्हणाली.



वाडीत आल्यावर विठाबाईच्या मुलाने, संदेशने, तेच विचारलं.

"मावशे, आई हूं का चूं म्हनली न्हाई?"

"न्हाई रं."

ते खोटं नव्हतं. तरी त्या दिवसापासून सावित्राबाई संदेशच्या दारावरून जाईना. पाण्याला जायचं तरी गोठ्यामागून वळसा घाली.

दिवाळी झाली, गवत कापून झालं. सहा जणी भारे घेऊन वर निघाल्या. पुढे सावित्राबाई. विसाव्याचा धोंडा अजून दोन वळणं लांब होता. उन्हं चढली होती, पण वाट रोजचीच होती, श्वासही ठीक चालला होता.

पहिल्याच वळणावर तिने भारा खाली टाकला.

मागच्या पाचही जणी जागच्या जागी उभ्या राहिल्या. भारे डोक्यावरच.

"सावित्राबाई?" रंजनाने विचारलं. "काटा मोडला का?"

"न्हाई."

"मग वं? धोंडा तर फुडं हाय."

सावित्राबाईने पदराने तोंड पुसलं. कोरड्या तोंडावरून तो पदर दोनदा फिरला.

"दम लागलाय मला," ती म्हणाली. साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

कोणी हसलं नाही. मग मागे एक भारा धप्पकन पडला. त्यामागे दुसरा, तिसरा. इतक्या घाईने पडले, की सावित्राबाईला मागे वळून बघवेना.