तिसऱ्या खेपेची टायपिंग

मले दमा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण रायपूरच्या भनपुरीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, अजूनही पाच-सात बाया अशा आहेत की ज्यांचा यावर विश्वास बसत नाही. भेटल्या की विचारतात, "काय मंजिरी, पंप घेते ना?" मी नाही म्हटलं की एकमेकींकडे पाहतात. पाहोत बापा.

माझा नवरा सुशील मोहरील. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा भोपाळहून जी ऑफिसं रायपूरले आली, त्यातल्या एकात बाबू होता. राज्य चार महिन्यांचं झालं नव्हतं, अन् उरल्याच्या कारखान्यांकडच्या रस्त्यावर ट्रकनं त्याच्या स्कूटरले उडवलं. त्याच्या जागेवर मले अनुकंपा नोकरी मिळाली. अट एकच, हिंदी टायपिंगची सरकारी परीक्षा. मिनिटाले पंचवीस शब्द, दहा मिनिटं सलग, अन् संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झाली तर घरी जा. घरी कोण, तर सासूबाई अन् माझी सात वर्षांची पोट्टी ओवी. कमावणारं दुसरं कोणी नाही.

टायपिंग शिकायले मी ऑफिस सुटल्यावर सदर बाजारात जायची. तिथं एका सोनाराच्या दुकानावर, अंधाऱ्या जिन्यानं वर गेलं की गुलाबरावांची इन्स्टिट्यूट. मूळचे वर्ध्याचे, सत्तरी ओलांडलेले. डोळे मिटून बसत अन् नुसत्या आवाजावरून सांगत की कोणाचं कोणतं बोट चुकून राहिलं. क्लासमधे माझा स्पीड तीस होता. गुलाबराव म्हणायचे, ही पोरगी झोपेत पास होईल.

पहिल्या परीक्षेत 'शुरू कीजिए' म्हटलं अन् माझ्या छातीवर कोणी पाटा ठेवला. श्वास घेऊन राहिली तर पुरेचना. आणखी घेतला, तरी पुरेना. तोंड उघडं टाकून मी हवा गिळत होती, बोटांले मुंग्या, डोळ्यापुढं अंधारी. मले वाटलं, मी इथंच मरते अन् ओवीले शाळेतून घ्यायले कोणी जाणार नाही. चार ओळी झाल्या नाहीत तर खुर्ची सरकवून बाहेर पळाली.

हे कशानं झालं याचा निकाल घरी आधीच लागला होता. सासूबाईंनी दोरीवरची पांढरी चादर आणून दाखवली, त्यावर काळे ठिपके. उरल्याची राख. आमच्याकडे माठावरचं झाकण दिवसातून तीनदा पुसावं लागते, तर फुफ्फुसं कोण पुसते, असं त्यांचं म्हणणं. साऱ्या पाऱ्यानं मान डोलावली. रोलिंग मिलमधल्या शंकरभैयाले खरोखरचा दमा आहे. त्याची बायको स्वतः येऊन त्याचा जास्तीचा पंप देऊन गेली, कसा ओढायचा तेही शिकवून गेली. आमच्या भागात असंच चालते. डॉक्टर नंतर, आधी शेजारीण.

अन् खरं सांगू, मलेही ती धूळ बरी वाटली. धुळीवर राग काढता येते. धुळीनं दम लागला तर कोणी तुले भित्री म्हणत नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या आधी मी तो पंप दोनदा ओढला. मग वाटलं पुरेसं नाही झालं, म्हणून आणखी दोनदा. दहा मिनिटांत काळीज असं धडधडायले लागलं की कानात ऐकू येई, अन् हात लटलट कापायले लागले. एका अक्षरावर दुसरं अक्षर, मशीनच्या दोन-दोन दांड्या एकमेकीत अडकून उभ्या. दीड ओळ. नापास.

त्यानंतर मी डॉक्टर सुजाता बापटांकडे गेली. पुण्याहून नव्यानंच रायपूरले आलेल्या, बोलणं एकदम स्वच्छ. त्यांनी नळीत फुंकायले लावलं, एक्सरे काढला, हृदयाची पट्टी काढली अन् सांगितलं की फुफ्फुसं चांगली आहेत, ही घबराट आहे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, म्हणजे मी नाटक करून राहिली का? दोनदा मरता मरता वाचली मी.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दम तुम्हाला खरंच लागतो. फक्त त्याचं कारण धूळ नाही. हवा कमी पडते असं वाटतं, म्हणून तुम्ही आणखी आणखी घेत जाता. तुम्हाला घ्यायची नाही, सोडायची सवय करायची आहे."

मग नीट समजावलं. दुसऱ्याचा पंप ओढायचा नाही, हातांची थरथर त्याचीच होती. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत हळूहळू सोडायचा. रोज, बरं असताना. अन् ते आलं की पळायचं नाही, बसून राहायचं, ते आपोआप उतरते. मी विचारलं की परीक्षेत मी आकडे मोजू की टाईप करू. त्या हसल्या अन् म्हणाल्या, ते तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल.

ते गुलाबरावांनी शोधलं. मी लाजत लाजत त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी मले मशीनवर बसवलं अन् नेहमीसारखे डोळे मिटले. पान झाल्यावर म्हणाले, "तू ओळ सुरू करताना श्वास धरतेस अन् ओळ संपेपर्यंत सोडतच नाहीस. मग त्याच्यावर दुसरा घेतेस. माठ भरला, तरी तू ओतूनच राहिलीस."

इतके महिने टाईप करून राहिली, मले माहीतच नव्हतं.

ज्यांनी ती जुनी मशीनं चालवली त्यांना ठाऊक आहे, ओळ संपत आली की घंटी वाजते अन् मग डाव्या हातानं दांडा ढकलून कॅरेज, म्हणजे कागद धरणारा रूळ, परत आणायचं. गुलाबराव म्हणाले, हात ढकलते तेव्हा श्वास सोड. कॅरेज गेलं की श्वास गेला. पुढचा आपोआप येते, त्याची काळजी तू करू नको.

ऐकायले सोपं आहे. पहिल्या आठवड्यात माझा स्पीड तीसचा एकोणीस झाला. श्वासाकडे पाहिलं की बोटं चुकत, बोटांकडे पाहिलं की श्वास अडके. मी मशीनवर हात आपटला अन् म्हटलं, नाही जमत. गुलाबरावांनी कागद काढला, नवा चढवला अन् म्हणाले, पुन्हा. त्या माणसाकडे दुसरा शब्दच नव्हता.

घरी मशीन नव्हतं. ओवी स्टीलच्या गिलासावर चमचा वाजवून घंटी द्यायची अन् मी पाटावर बोटं चालवायची. मी विसरली की ती मास्तरीण ओरडायची, "मम्मी, छोड़ो." मी मराठीत रागवायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या की धुळीचा इलाज सोडून ह्या मायलेकी भांडी वाजवून राहिल्या.

पण मले एक भीती होती. शांत बसून सगळं जमते, ते खरंखुरं आलं तर? हे गुलाबरावांना विचारलं तर म्हणाले, जिना उतर, रस्त्यावर जा अन् पळत वर ये. तीनदा. मी साडी खोचली अन् पळाली. खालचा सोनार तराजू हातात धरून पाहतच राहिला. वर आली तेव्हा काळीज तोंडात, श्वास भात्यासारखा, अगदी परीक्षेत होते तसं. गुलाबराव म्हणाले, बस, आता टाईप कर. पहिल्यांदा तीन ओळी कचरा झाल्या. पंधरा दिवसांनी एकच ओळ कचरा व्हायले लागली, अन् स्पीडही परत तीसवर आला. त्या पळण्यातून मले हे कळलं की धडधडत असतानाही बोटं चालतात. मरत नाही माणूस.

तिसऱ्या परीक्षेले मशीन आपलं आपल्यालेच न्यायचं होतं. सायकल रिक्षात गुलाबरावांचं मशीन मांडीवर घेऊन बसली, बाजूले सासूबाई. नको म्हटलं तरी आल्या, अन् त्यांच्या पर्समधे तो पंप होता हे मले माहीत होतं. शाळेच्या एका मोठ्या खोलीत पन्नास मशीनं. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं अन् सुरू करायले सांगितलं.

दोन ओळी झकास गेल्या. तिसऱ्या ओळीत माझ्या मनात आलं की हे शेवटचं आहे, अन् तो पाटा छातीवर येऊन बसला. बोटं थांबली. चारी बाजूंनी पन्नास मशीनं कडकड वाजून राहिली होती अन् माझं बंद. निरीक्षक आले. भला माणूस. हळूच म्हणाले की तबीयत बरी नसेल तर अर्ज लिहून द्या, पुढच्या वेळी बसा. तेवढ्यात चपराशानं टेबलावर पंप आणून ठेवला. सासूबाईंनी दारातून पाहिलं होतं.

पंप समोर होता. हात लांबवला असता तर झालं असतं. मी तो मशीनच्या मागं सरकवला.

"सर, मेरी अगली बार नहीं है," मी म्हटलं. "मुझे मालूम है ये क्या है. मैं बैठूँगी."

अन् मी बसली. काहीच टाईप न करता बसली. वेळ जाऊन राहिला होता अन् मी तो जाऊ दिला, हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात कठीण काम आहे. हळूहळू सोडला. पुन्हा सोडला. छाती अजून जड होती, हात गार होते, पण मी म्हटलं, जड तर जड. सदर बाजारच्या जिन्यावर यापेक्षा जड होती. अन् बोट ठेवलं. घंटी वाजली, कॅरेज ढकललं, श्वास सोडला. पुढची ओळ. घंटी, कॅरेज, श्वास. पाटा कुठल्या ओळीले उतरला ते मले ठाऊक नाही. 'रुकिए' म्हटलं तेव्हा माझा शब्द अर्धा राहिला होता अन् मले राग आला, कारण मले आणखी टाईप करायचं होतं.

बाहेर सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मशीनचं एक टोक त्यांनी धरलं अन् आम्ही रिक्षा पाहायले लागलो.

महिन्यानं निकाल आला. सव्वीसचा स्पीड, पास. ऑफिसात पेढे झाले, सगळं झालं. अन् चार दिवसांनी बडे बाबू यशवंतराव माझ्या टेबलापाशी आले, हातात एक मसुदा. टायपिंग येणारे आम्ही ऑफिसात दोघंच, त्यातला दुसरा रजेवर. म्हणाले, "बेटा, तुझ्याच पक्क्या नेमणुकीचा आदेश आहे. तूच करून टाक."

चार कागद, मधे तीन कार्बन. एक अक्षर चुकलं तर सगळं पुन्हा. मी सुरू केलं. क्रमांक, दिनांक, विषय. मग मसुद्यात ओळ आली, 'स्वर्गीय श्री सुशील मोहरील के रिक्त पद पर'. आजवरचे सारे अर्ज यशवंतरावांनीच लिहिले होते, मी फक्त सही केली होती. माझ्या हातानं 'स्वर्गीय' हा शब्द सुशीलच्या नावामागं कधी गेलाच नव्हता.

बोटं थांबली. छाती भरून आली, श्वास वरच्यावर. परीक्षा नाही, घड्याळ नाही, निरीक्षक नाही, तरीही. अन् तेव्हा मले समजलं की मी नुसती नापास होण्याले भीत नव्हती. मी पास झाली की ही खुर्ची कायमची माझी. अन् माझी कायमची म्हणजे तो आता येत नाही. दोन वर्षं मी त्याची जागा धरून बसली होती, बसमधे रुमाल टाकून ठेवते ना कोणी, तशी.

मी रडली. यशवंतराव बाहेर गेले अन् जाताना दार ओढून घेतलं. ओळ अर्धी होती, घंटी वाजायले अजून वेळ होता. मी घंटीची वाट पाहिली नाही. तिथंच, ओळीच्या मधेच, श्वास सोडला, हळूहळू, जितका होता तितका. मग त्याच्या नावामागं तो शब्द टाईप केला अन् पुढं त्याचं पूर्ण नाव.

आदेश चार प्रतींत झाला, एकही खोडाखोड नाही. साहेबांच्या सहीसाठी मी स्वतःच घेऊन गेली.