अकरा मुठींची घोडी

घोडीच्या खांद्यावर मोजकाठीची आडवी दांडी टेकली आणि अंगणातले आम्ही सगळे बोलायचे थांबलो. जनावरांचे डॉक्टर वाकून आकडा वाचत होते. म्हाताऱ्याने दावे आखडून धरले होते. त्याची मुलगी भिंतीला टेकून उभी. घोडी तिनेच वाढवलेली.

"अकरा मुठी, म्हणजे पावणेचार फूटही नाही. जुन्या जातीची, अस्सल आहे," डॉक्टर म्हणाले.

"अस्सल कसली, उंच कुत्री आहे!" शेजारचा घोडेवाला हसला. "बसणाऱ्याचे पाय जमिनीला घासतात."

"काका, तुमचा उंच घोडा खिंडीत धापा टाकतो, तेव्हा ओझं हिच्याच पाठीवर येतं ना?" मुलगी म्हणाली.

"हिच्या आईनं बर्फात तीन दिवस काढले, साहेब. उभ्यानं," म्हातारा पुटपुटला.

या जातीला नाल ठाऊक नव्हती. खूर दगडांवर झिजत आणि दगडांसारखेच टणक होत. झुडपांची साल, बर्फाखालचे पिवळे गवत, एवढ्यावर पिढ्या जगल्या. आधी खिंडीतून मीठ वाहिले, मग खाणीत कोळसा ओढला. बोगद्याचे छत बुटके, म्हणून बुटकेपणाला मोल. खाणी बंद पडल्या आणि त्याच बुटकेपणाची आम्हाला लाज वाटू लागली. रपेटीला येणाऱ्या हौशी पाहुण्यांना उंच घोडे हवे होते. गावाने बाहेरून उंच नर आणला. घरोघरचे खुजे नर खच्ची केले.

"वय झालंय, पण अजून एखादं शिंगरू देईल," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्यात याच रक्ताचा नर मिळायला हवा. नाही मिळाला तर ही शेवटची."

मुलगी भिंत सोडून पुढे आली. "मग बाबांनाच विचारा की! वरच्या खेड्यापासून नदीपलीकडपर्यंत सगळे तबेले त्यांना पाठ आहेत. खच्ची करायला चाळीस वर्षं त्यांनाच बोलावतात. असला हात कुणाचा नाही, डॉक्टर. एक जनावर दगावलं नाही, एक सुटलं नाही..."

शेवटचे शब्द तिचे तिलाच ऐकू आले. घोडेवाल्याचे हसू ओठांवरच वाळले. घोडी तेवढी शांतपणे शेपटीने माशा वारत राहिली.

"एखादा तरी सोडला असेल ना, बाबा?" तिचा आवाज अगदी खाली आला होता. "कुणाचा तरी? चुकून?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवत दावे तिच्या हातात दिले, आणि तबेल्याला वळसा घालून तो उताराला लागला.