जेबाचा डावा डोळा

लातूरच्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये प्रत्येक लेकराला समान संधी मिळते. फक्त बसायची जागा दर सोमवारी चाचणीच्या मार्कांवरून ठरते.

नांदेडचे शिंपी खाजामियाँ यांची जेबा तिसऱ्या बाकावरून अकराव्यावर गेली. तिथून फळा दिसेना म्हणून मार्क घसरले, आणि मार्क घसरले म्हणून ती पार शेवटच्या बाकावर गेली. खाजामियाँ तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले.

डॉक्टर डाव्या डोळ्यात पाहून खुर्चीतून उठलेच. आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता होता. "लाखात एक केस! मियाँ, नशीबवान आहात."

"डॉक्टरसाब, पोरीला फळा दिसून नाही राहिला."

"ते बघू हो. आधी फोटो."

हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचून फोटो काढले. जेबाला उलटी झाली, फोटो हलले, म्हणून पुढच्या सोमवारी पुन्हा काढले. मग डॉक्टरांच्या परिषदेसाठी आणखी दोनदा. दर वेळी तिची एकेक चाचणी बुडाली. परिषदेत डॉक्टरांना पहिलं बक्षीस मिळालं.

"आता इलाज?" खाजामियाँनी विचारलं.

"याला इलाज नसतो. हा डोळा जन्मापासूनच अधू आहे. पण फोटो बघा, काय देखणे आलेत!"

प्रवेश परीक्षा झाली. जेबाला मेडिकलची सीट मिळाली नाही.

नांदेडला परतल्यावर चष्मेवाल्यानं तिचा उजवा डोळा तपासला. तो आजवर कुणी तपासलाच नव्हता. त्याला मायनस दोनची काच लागत होती.