सावद्याचा कोट

गिरधर नाना गळ्यात कॅमेरा अडकवून गल्लीत आले की ओट्यावरची म्हातारी माणसं उठून आत जायची. कोणाला औषधाची वेळ आठवायची, कोणाला घरातून हाक ऐकू यायची. नानांना त्याचं वाईट वाटत नसे. माणसं वाईट नव्हती, अनुभवी होती.

जळगावात नानांचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. लग्नं, वाढदिवस, पासपोर्ट हे सगळं ते करत, पण नाव होतं ते ‘फ्रेम’साठी. घरात कोणी गेलं की तिसऱ्या दिवशी नातेवाईक हाताला लागेल तो फोटो घेऊन येत. कधी लग्नातला घोळका, कधी रेशन कार्ड, अलीकडे आधार कार्ड. तेराव्याच्या आत भिंतीवर मोठा फोटो हवा असे. घोळक्यातलं ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं नाना मोठं करत, ब्लेडने कापत, एका तयार धडावर चिकटवत आणि त्याचा पुन्हा फोटो काढत. हे धड सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचं होतं. चौऱ्याऐंशी साली त्याने कोट-टाय घालून झकास फोटो काढून घेतला, आणि न्यायला तो आलाच नाही. तेव्हापासून जळगाव जिल्ह्यातले निम्मे दिवंगत त्याच कोटात आहेत. बायकांसाठी बोदवडच्या एका मास्तरीणबाईंची काठपदराची साडी होती. जन्मभर ज्यांनी कोटाला हात लावला नाही ते गेल्यावर रुबाबदार झाले, आणि तक्रार एकाचीही आली नाही.

स्टुडिओ बंद झाला. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मुलाने, भूषणने, वडिलांचा वेळ जावा म्हणून एक मिररलेस कॅमेरा पाठवला. सुपारीच्या डब्याएवढा जीव. आत आरसाच नाही. कॅमेरा समोर धरला की तो आपणहून माणसाचा डोळा शोधायचा, त्याभोवती चौकोन काढायचा आणि टुक करून सांगायचा की झालं, दाबा. नानांना आपण घरजावई झाल्यासारखं वाटू लागलं. सगळं आयतं, आणि मान कशालाच नाही.

म्हणून त्यांनी ट्रंकेतून जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स काढली. हिला फोकस हाताने, रिंग फिरवून करावा लागे. तिचं तोंड पूर्ण उघडलं की तिची नजर जेमतेम बोटभर जाडीची. डोळा स्पष्ट आला की कान धूसर. एवढ्याशा जागेत माणूस नेमका पकडायचा, तर त्याच्याकडे निदान बघावं तरी लागतं. नानांनी चाळीस वर्षांत हजारो चेहरे कापले होते. जिवंत चेहऱ्याकडे मिनिटभर बघत बसण्याची सवड त्यांना कधी मिळाली नव्हती.

आणि एक चेहरा त्यांना हवा होता.

मुकटीच्या फाट्यावरून आत, तीन किलोमीटरवरच्या गावात त्यांच्या वहिनी राहत. प्रमिलाबाई, वय ऐंशीच्या पुढे. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा गिरधर सात वर्षांचा होता आणि आई नव्हती. पुढचं सगळं वहिनींनी केलं. अशा बाईचा जगात एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. त्यात त्या नुकत्याच पकडलेल्या आरोपीसारख्या दिसत. एक दिवस पुतण्या किरण तेच कार्ड घेऊन आपल्या दारात उभा राहणार, आणि आपल्यालाच ब्लेड हातात घ्यावं लागणार, हे नानांना धंद्याने शिकवलं होतं. ते होऊ द्यायचं नव्हतं. पण दोनदा कॅमेरा घेऊन गेले, तर दोन्हीदा वहिनी गोठ्यात जाऊन बसल्या. म्हशीला अचानक फार प्रेमाची गरज होती.

मागच्या माघात नाना तिसऱ्यांदा निघाले. आधी धुळ्याला गेले, कारण लेन्समध्ये बुरशी धरली होती आणि ती काढणारा माणूस दोन जिल्ह्यांत एकच उरला होता, पाचकंदिलामागचा कय्युम. एके काळी त्याच्याकडे नाशिकपासून कॅमेरे दुरुस्तीला येत. आता मिक्सर आणि केस कापायची मशिनं येतात. त्याने लेन्स उजेडाकडे धरली, आतलं पांढरं जाळं पाहिलं आणि नानांकडे असं पाहिलं, जणू जाळं नानांनीच विणलंय.

“लेन्स काय लोणचं आहे का नाना,” तो म्हणाला, “झाकून ठेवलं की मुरेल?”

दोन तासांत त्याने ती खोलून, पुसून, पुन्हा बसवून दिली, आणि कॅमेऱ्याला जोडायची मधली रिंग ढिली होती तीही घट्ट केली. मग परीक्षेसाठी स्वतःच स्टुलावर येऊन बसला. तो निवांत बसला, कारण त्याच्या घरी भिंतीवर माणसांचे फोटो लावायची पद्धतच नव्हती. नानांच्या कॅमेऱ्यापुढे न घाबरता बसणारा खानदेशातला तो बहुधा एकटाच. नाना रिंग फिरवू लागले. जे स्पष्ट दिसतं त्याच्या कडेला हा कॅमेरा लाल रेघ उमटवतो, त्या रेघेचा पाठलाग करता करता पाच मिनिटं गेली, आणि फोटोत कय्युमची दाढी उत्तम आली. डोळे धूसर.

कय्युमने फोटो पाहिला आणि समजावलं, की लाल रेघा म्हणजे गावातल्या बातम्या, खऱ्या असतात पण थोड्या बाजूला. रिंगशी झटापट करू नका. अंदाजाने लावून सोडून द्या आणि स्वतः थोडं पुढे-मागे डुला. माणूस टप्प्यात आला की कळतं. “आणि घाई नको. घाई तुमची जुनी खोड आहे.”

हे शेवटचं वाक्य नानांना जरा जास्तच लागलं. ते कशामुळे, हे त्यांना माहीत होतं, कय्युमला नव्हतं.

दुपारी ते वहिनींकडे पोचले. वहिनी दाराच्या आतल्या खाटेवर बसून पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. किरण शेतात, सून तालुक्याला. नानांनी यावेळी डावपेच ठरवला होता. फोटोचं नावच काढायचं नाही, कॅमेरा नुसता खाटेवर ठेवून द्यायचा. चहा झाला, तब्येती झाल्या. मग वहिनींनीच कॅमेरा उचलला. त्यांचे दोन्ही मोतीबिंदू मागच्या वर्षी शिबिरात काढलेले, सुईत दोरा आता सुनेच्या आधी त्या ओवत. यातून काय दिसतं, असं त्यांनी विचारलं. नानांनी दाखवलं. डोळ्याला कसा लावायचा, रिंग कशी फिरवायची, रेघ कशी येते. वहिनी म्हणाल्या, मग बस तिकडे भिंतीला, आज तूच बस.

नाना मुकाट्याने भिंतीपाशी जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की समोरून लेन्स रोखलेली असली की हात कुठे ठेवायचे हा किती गहन प्रश्न असतो. वहिनी रिंग फिरवत होत्या. एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, परत. बराच वेळ गेला. मग त्यांचा हात थांबला, पण कॅमेरा काही खाली येईना.

त्या नानांकडे बघतच नव्हत्या. नानांच्या डोक्यावर भिंतीवर मोठ्या भावाची, पंडितदादांची फ्रेम होती. तिथे फोकस गेला होता. आणि कॅमेऱ्याने इमानेइतबारे, जिथे डोकं संपून कोटाची कॉलर सुरू होत होती, तिथे मानेभोवती लालभडक रेघ ओढली होती. बावीस वर्षांपूर्वी ब्लेड फिरलं होतं, अगदी तिथूनच.

“गिरधर,” वहिनी म्हणाल्या, “हाऊ कोट कोना शे रे?”

थाप मारावी असं नानांच्या एकदा मनात आलं. पण ज्या बाईने आपल्याला आंघोळ घातली तिला थाप मारायची, तर सरावच नव्हता.

“सावद्याचा, वहिनी.”

“मुंडकं तुना दादानं शे. खाले कोन शे, ते मी बावीस वरीस मनमा इचारी ऱ्हायनू.” त्या कॅमेरा मांडीवर ठेवून शांतपणे सांगू लागल्या. दादांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. पाण्याच्या कावडीने तो तसा झाला होता. फ्रेम भिंतीवर चढली त्या तेराव्यालाच त्यांनी पाहिलं की दोन्ही खांदे एका रेषेत आहेत. लोक जमले होते, गिरधरने एवढ्या मायेने करून आणलं होतं, म्हणून बोलल्या नाहीत. दर सणाला हार घालत राहिल्या. घालताना नजर मानेच्या खाली जाऊ देत नसत, एवढंच. “परक्या मानूसना छातीले हार घालस मी. त्याले बिचाऱ्याले ठावं बी नही.”

नानांना हसू आलं आणि लगेच ओसरलं. त्यांनी विचारलं, म्हणून का तुम्ही फोटोला बसत नव्हता?

“मरानं भ्याव नही शे माले,” वहिनी म्हणाल्या. “पन तू मनं बी तसंच करशी. मुंडकं मनं, लुगडं दुसरीनं.”

बोदवडच्या मास्तरीणबाई नानांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, पदर सावरून, तयारीत.

मग नानांनी ते सांगितलं जे कोणालाच सांगितलं नव्हतं. दादांचा एक खरा फोटो होता. एक्क्याण्णव साली याच लेन्सने, बांधावर काढलेला. दादांच्या अंगात बंडी, डावा खांदा उतरलेला, कशाला तरी खदखदून हसताहेत. पण दादा हसताना पुढे झुकले आणि नानांनी घाईत बटण दाबलं. मागची बाभूळ काट्यान्‌काट्याने स्पष्ट, दादा धूसर. फोटोवाल्याच्या सख्ख्या भावाची फ्रेम धूसर लावली तर धंद्यात तोंड कसं दाखवायचं, म्हणून त्यांनी ती निगेटिव्ह पाकिटात घालून ठेवली, आणि भावाला इतर सगळ्यांसारखा सावद्याचा कोट चढवला.

वहिनींनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. टरफलं सुपात, दाणे मांडीवरच्या फडक्यात.

“धुरकट ऱ्हायना तरी मना शे तो,” त्या म्हणाल्या. “आन तो. आनि आते काढ मना. पन हात बी येवाले पाहिजेत. मना हात.”

इथे नानांची पंचाईत झाली. घरात उजेड दारातून येईल तेवढाच, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवणं भाग. नजर बोटभर. डोळे धरावेत तर मांडीवरचे हात जातात, हात धरावेत तर वहिनी जातात. हात जरा हनुवटीशी घेता का, असं त्यांनी सुचवून पाहिलं. वहिनींनी असं पाहिलं की ती सूचना त्यांनी स्वतःच मागे घेतली.

तेव्हा त्यांनी अंदाजाने रिंग लावली आणि सोडून दिली. लाल रेघांची सोयही बंद करून टाकली, आजच्यापुरत्या बातम्या पुरे झाल्या होत्या. गुडघा जमिनीला टेकवून ते नुसते बघत बसले. वहिनी दादांविषयी बोलत होत्या. कावड, पाटाचं पाणी, एकदा बैल विकून आल्यावर दोन दिवस न जेवलेला माणूस. बोलता बोलता चेहऱ्यावरचा ‘फोटो काढताहेत’ हा भाव कुठल्या कुठे गेला. नानांना दिसलं की वहिनींच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे. साठ वर्षं तो तिथे होता. त्यांनी तो आज पाहिला.

मग एक दाणा वहिनींना संशयास्पद वाटला. त्यांनी तो दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ आणला, कीड आहे का बघायला. भुईमुगाचा दाणा, वाकडी बोटं, नखातली माती आणि ते दोन नवे डोळे, सगळं एका बोटभर जागेत आलं. नाना किंचित पुढे डुलले आणि दाबलं.

दाणा चांगला निघाला. वहिनींनी तो फडक्यात टाकला.

आठ दिवसांनी नाना दोन फ्रेमा घेऊन गेले. वहिनींनी दोन्ही ताबडतोब लावायला सांगितल्या. किरण कावराबावरा झाला. जिवंत माणसाचा फोटो असा एकटा भिंतीवर लावत नाहीत, लोक काय म्हणतील, असं तो चारदा म्हणाला. पाचव्यांदा म्हणाला तेव्हा खिळा ठोकून झाला होता.

संध्याकाळी शेजारचे निंबा आबा डोकावले. भिंतीवर प्रमिलाबाईंचा फोटो पाहताच त्यांनी टोपी काढली, खाटेच्या कडेला बसले आणि आवाज खाली घेऊन किरणला विचारलं की कधी झालं, सकाळी तर ओट्यावर दिसल्या होत्या. तेवढ्यात आतून चहा आला. चहा प्रमिलाबाईंनीच आणला होता.

आबांनी टोपी पुन्हा घातली. सावरायला थोडा वेळ लागला. मग त्यांची नजर शेजारच्या फ्रेमवर गेली. दादांच्या चेहऱ्याच्या जागी खरं म्हणजे एक हसरा धूर होता. नाक कुठे संपतं ते सांगता आलं नसतं.

“हाऊ ते पंडित शे,” आबा लगेच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. “खांदा दखा ना त्याना.” मग त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली. काहीतरी कमी होतं. “आनि आठे तो कोटवाला सायेब व्हता, तो कथा गया?”

प्रमिलाबाईंनी आबांच्या हातात कप दिला.

“सावद्याले,” त्या म्हणाल्या. “त्याना घर गया.”